डावा स्पीकर वाजत नाहीये
(आपल्या १९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी वीस घेणार आहे. गणिताच्या बाईंनी क्षमा करावी.

"तू इंजिनिअर आहेस, आयटीत आहेस, तर एआयवर बोल," असा निरोप आला होता. पण ते तुम्ही रोज व्हॉट्सअ‍ॅपवर वाचताच. मी आज एका वस्तूबद्दल बोलणार आहे. ती वस्तू माझ्या या पिशवीत आहे. ही बघा. साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढ्या होतील, तेवढा हा डबा. हा अ‍ॅम्प्लिफायर आहे. किंमत दोन हजारांच्या आत. गेल्या वर्षीच्या दिवाळीत हा आमच्या लातूरच्या घरी आला आणि त्याच्यामुळे आमच्या घरातली एक गोष्ट कळली, जी आम्हाला सहा वर्षं कळली नव्हती.

अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं मला माहीत आहे. आपल्या शाळेचा तो करड्या रंगाचा, पत्र्याचा, दोघांनी उचलायचा अ‍ॅम्प्लिफायर. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी तो ऑफिसातून निघायचा, मग "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" आणि पाठोपाठ कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. ती शिट्टी का येते हे विज्ञानाच्या सरांनी आपल्याला तिथेच मैदानावर उभं करून सांगितलं होतं. माइकमधून गेलेला आवाज कर्ण्यातून येतो, तोच परत माइकमध्ये शिरतो, परत मोठा होतो, असं चक्र सुरू होतं. सर म्हणाले, "आता ती बंद करून दाखवा." आम्ही तिघांनी एकदम माइक हलवला, कर्णा फिरवला आणि आवाज कमी केला. शिट्टी थांबली. आम्ही खूश. सर म्हणाले, "यातल्या कशाने थांबली?" सांगता येईना. मग सरांनी सगळं परत होतं तसं करायला लावलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही."

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगत नाही. मी गेली बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आहे आणि त्यातली निम्मी विद्या या एका वाक्यात आहे. ते वाक्य घरी कसं कामाला आलं, तेच आज सांगायचं आहे.

आमच्या घरात गाणं अण्णांमुळे होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी नोकरी, साधा पगार, पण कॅसेट घ्यायला मागेपुढे पाहायचे नाहीत. भीमसेनजी, कुमारजी, माणिकबाई, वसंतराव, सगळे आमच्या दीड खोलीत राहायला. स्पीकरचे दोन खोके अण्णांनी गंजगोलाईजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून बनवून घेतले होते. जाड प्लायवूडचे, आत आठ इंची स्पीकर, पुढे तपकिरी कापड. ते दुकान आपल्या एका वर्गमित्राच्या वडिलांचं. नाव घेत नाही, तो मागच्या रांगेत बसून हसतो आहे. त्यांनीच तेव्हा एक अ‍ॅम्प्लिफायरही जुळवून दिला होता. आत मोठा ट्रान्सफॉर्मर, मागे काळ्या जाळीवर बसवलेले २एन३०५५ ट्रान्झिस्टर. वजन असं की पुसायला आई कधी तो उचलायची नाही, भोवतीनेच फडकं फिरवायची. थंडीत त्याच्यावर मांजर झोपायचं, इतका तो तापायचा.

आवाजाची दुसरी आठवण तुम्हा सगळ्यांची आहे. १९९३चा सप्टेंबर. आपण आठवीत होतो. गणपती विसर्जन करून झोपलो आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. त्यानंतर कित्येक रात्री आपण सगळे अंगणात, रस्त्यावर, मैदानात झोपलो. आपल्या वर्गातल्या काहींचं आजोळ किल्लारी-सास्तूरच्या बाजूला होतं. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही. एवढंच आठवतं, की अण्णांनी ट्रान्झिस्टर आणून गल्लीच्या मधोमध एका स्टुलावर ठेवला होता आणि चाळीस-पन्नास माणसं त्याच्याभोवती बसून बातम्या ऐकत होती. त्या ट्रान्झिस्टरमधून फार तर अर्धा वॉट आवाज निघत असेल. तरी शेवटच्या माणसाला शब्द न् शब्द कळत होता, कारण कोणी बोलत नव्हतं. पुढे इंजिनिअरिंगला डेसिबल शिकले, तेव्हा मला तो स्टूल आठवला.

बारावीनंतर मी नांदेडला गेले, विष्णुपुरीला, श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयात. लोहा-अहमदपूर मार्गाने एसटीने किती वेळा गेले-आले, त्याचा हिशेब नाही. मुलींच्या वसतिगृहात मी माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर केला. त्या काळी ४४४० नावाची एक आयसी मिळायची, तिचा तयार बोर्ड नांदेडच्या बाजारातून आणला. बारा व्होल्टवर चालायचा, दोन्ही बाजूंना पाच-सहा वॉट. तो मी मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, आणि खोक्याला पैसे नव्हते म्हणून स्पीकर चक्क माठाच्या तोंडावर पालथा ठेवला. माठातून असा घुमणारा आवाज यायचा की शेजारच्या खोलीतल्या मुली म्हणायच्या, "अगं माय, हिच्या माठात लताबाई शिरल्या!" वीज गेली की मी तो बॅटरीवर लावायची. आपल्या मराठवाड्यात वीज किती वेळ जायची, ते वेगळं सांगायला नको.

पुढे नोकरी, पुणे, लग्न, मुलं. अण्णा निवृत्त झाले. त्यांचा तो जड अ‍ॅम्प्लिफायर एके दिवशी धूर काढून गप्प झाला. मी मोठ्या हौसेने त्यांना होम थिएटर घेऊन दिलं. पाच छोटे स्पीकर, एक मोठा डबा, खोलीभर वायरी आणि तीन रिमोट. खोक्यावर वॉटचा एवढा मोठा आकडा छापलेला, की तेवढ्यात गल्लीतली गिरणी चालली असती. अण्णांनी ते आठ दिवस लावलं. नंतर त्याच्यावर आईने विणलेलं कापड घातलं आणि वर फुलदाणी ठेवली. समजून घ्या.

मी विचारायची, "अण्णा, गाणं का ऐकत नाही?" ते म्हणायचे, "आता त्यात मजा नाही वाटत." मी म्हणायची, वय झालं. आई म्हणायची, "गाण्याचं सोड, माझं तरी कुठं ऐकतात? दहा वेळा सांगावं तेव्हा एकदा हूं म्हणतात. मी आता बोलणंच सोडलंय." आम्ही सगळे हसायचो. लग्नाला पन्नास वर्षं होत आली की कोणता नवरा बायकोचं ऐकतो, वगैरे वगैरे.

गेल्या वर्षी दिवाळीला माळ्यावर ते तपकिरी कापडाचे खोके सापडले. मागच्या रांगेतल्या आपल्या मित्राला फोन केला. तो तासाभरात आला, पुढचं कापड काढलं, बोटाने कागदी पडदा हळूच दाबून पाहिला आणि म्हणाला, "बाबांच्या हातचे आहेत गं. कडा कापडी आहे म्हणून टिकले. फोमची कडा असती तर केव्हाच भुगा झाला असता." मग मी पुण्याहून मुलाच्या खोलीसाठी आणलेला हा डबा काढला.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते.

पहिला प्रश्न सगळे विचारतात: एवढासा डबा, एवढे मोठे खोके, पुरणार कसं? मित्रांनो, घरात गाणं ऐकायला लागतं किती ते बघा. साधारण स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर सुमारे ८७ डेसिबल आवाज येतो. आपण बोलतो तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. आपण स्पीकरपासून दोन-अडीच मीटर लांब बसतो, त्यात थोडा आवाज कमी होतो, दोन स्पीकर असल्याने आणि भिंतींमुळे थोडा परत मिळतो. सगळी बेरीज-वजाबाकी करून ७० डेसिबल, म्हणजे छान भरून येणारं गाणं ऐकायला एका वॉटचा पंधरावा-सोळावा भाग पुरतो. तबल्याची थाप, तानेचा जोर अशा जागा त्याच्या कितीतरी वर जातात, त्यासाठी पाच-सहा वॉट हाताशी हवेत. पंधरा-वीस वॉट म्हणजे आपल्या खोल्यांना चैन आहे. आणखी एक गंमत: आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती दुप्पट करून भागत नाही, दहापट लागते. म्हणून वीसऐवजी चाळीस वॉटचा घेतला तर फरक फक्त तीन डेसिबलचा, जेमतेम जाणवेल इतका. आपल्या लहानपणी टेपवर "१००० वॉट पीएमपीओ" छापलेलं असायचं ना? तो क्षणार्धाच्या कमाल शक्तीचा, कोणत्याही ठरलेल्या नियमाने न मोजलेला आकडा. त्याला काडीचा अर्थ नव्हता.

दुसरा प्रश्न: हा इतका लहान आणि थंड कसा? हे पाण्यावरून सांगते. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरकराला पाण्याचा हिशेब शिकवायला नको. जुना अ‍ॅम्प्लिफायर अर्धवट सोडलेल्या नळासारखा. स्पीकरला हवी तेवढी वीज सोडायची आणि बाकीची ट्रान्झिस्टरने स्वतःच्या अंगावर अडवून धरायची. अडवलेल्या विजेची उष्णता होते. मांजर झोपायचं ते त्या उष्णतेवर. या नव्या प्रकाराला क्लास-डी म्हणतात. यात नळ एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. अधलंमधलं काही नाही. मात्र ही उघडझाप सेकंदाला चार लाख वेळा किंवा त्याहून जास्त होते, आणि दर वेळी नळ किती वेळ उघडा राहिला यावर आवाज ठरतो. पुढे एक वेटोळं आणि कपॅसिटर असतो. तो आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखा. पंप चालू-बंद होत राहिला तरी खाली नळाला धार एकसारखी येते. अडवाअडवी नाही म्हणून उष्णता नाही, जाळीदार धातूचं ओझं नाही, मोठा ट्रान्सफॉर्मर नाही. दिलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचते.

ही कल्पना जुनीच आहे. पण स्वस्तात कानाला गोड लागेल अशी ती करणाऱ्यांत एका भारतीय वंशाच्या अभियंत्याचं नाव घ्यावं लागतं, आद्या त्रिपाठी. त्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत ट्रायपाथ नावाची कंपनी काढली. नाव आडनावावरूनच. त्यांच्या चिपवर चालणारा, आठ पेन्सिल सेलवर वाजणारा एक प्लॅस्टिकचा अ‍ॅम्प्लिफायर नव्या शतकाच्या सुरुवातीला चाळीस डॉलरच्या आत मिळायला लागला आणि लाखोंची यंत्रं बाळगणारे लोकही चकित झाले. कंपनी टिकली नाही, २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली. पण वाट पडली ती पडली. माझ्या या डब्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ नावाची चिप आहे. साडेचार ते सव्वीस व्होल्टपर्यंत कशावरही चालते. मी त्याला घरात पडलेला जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला. आठ ओहमच्या स्पीकरला त्यातून वीसेक वॉट मिळतात. झाली की सिस्टीम!

तर, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या खुर्चीसमोर दोन खोके मांडले. भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीवर. लाल वायर लालला, काळी काळीला. हे जरूर बघा, एका बाजूची उलटी लागली तर आवाज येतो पण खर्जातली भर निघून जाते. फोनवरून भीमसेनजींचा तोडी लावला. तानपुरे सुरू झाले. मला खरंच गहिवरून आलं, माळ्यावरची पस्तीस वर्षं खाली उतरल्यासारखी वाटली. मी अण्णांकडे पाहिलं.

अण्णा म्हणाले, "छान आहे. पण डावा स्पीकर वाजत नाहीये."

मी डाव्या खोक्याला कान लावला. वाजत होता. म्हटलं, कमी असेल, जुना आहे. आता सरांची शिस्त. एका वेळी एकच गोष्ट. मी स्पीकर हलवले नाहीत, फक्त डब्यामागच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. डब्यातली एक बाजू कमजोर असेल, तर आता उजवा कमी वाजायला हवा. "आता?" "डावाच बंद आहे." म्हणजे डबा निर्दोष. वायरी पूर्ववत केल्या आणि खोके उचलून अदलाबदल केले. स्पीकर खराब असेल, तर खराबी उजवीकडे जायला हवी. "आता?" "अगं, डावाच." अण्णा वैतागले. मित्र म्हणाला, खोलीचा दोष असेल, डावीकडे खिडकी आहे, पडदा आहे. हेही बरोबर. खोली कशी बदलायची? खोली बदलता येत नाही, माणूस बदलता येतो. मी अण्णांना म्हटलं, "जरा खुर्ची उलटी फिरवून, स्पीकरकडे पाठ करून बसा."

ते बसले. थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "आता हा चालू झाला. तो पलीकडचा बंद झाला."

माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. मी तो खाली ठेवला. डबा बदलून दोष हलला नाही, स्पीकर बदलून हलला नाही. अण्णा फिरले, तेव्हा दोष त्यांच्याबरोबर फिरला. मित्राने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही कळलं होतं. मी अण्णांच्या डाव्या कानाशी जाऊन हळू आवाजात म्हटलं, "अण्णा, चहा घेणार?" ते समोर बघत बसून राहिले.

आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "झोपाळ्यावर मी रोज त्या बाजूलाच बसते की गं."

मित्रांनो, हे वाक्य मी पुन्हा म्हणणार नाही. तुम्हाला कळलं.

मग एकेक आठवायला लागलं. अण्णा फोन कायम उजव्या कानाला लावतात. कार्यक्रमात डावीकडच्या टोकाला बसतात. रस्ता ओलांडताना उगीच मान वळवतात. गर्दीत गप्प राहतात, कारण एका कानावर गोंगाटातून एक आवाज वेगळा काढता येत नाही, आणि आवाज कुठून आला तेही कळत नाही. त्यांना वाटायचं, सगळं उजवीकडूनच येतं. गाण्यात मजा का नव्हती, तेही कळलं. स्टिरीओतल्या दोन बाजूंतली एक बाजू त्यांना नव्हतीच.

लातुरातच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या उंचीचे सूर हळूहळू ऐकवतात आणि कोणता कधी ऐकू येतो त्याचा आलेख काढतात. उजव्या कानाचा आलेख वयाप्रमाणे वरच्या सुरांना उतरलेला. डाव्या कानाचा सगळाच खाली. एकाच बाजूचं ऐकणं गेलं असेल तर नसेवर गाठ नाही ना, हे बघावं लागतं, म्हणून एमआरआय केला. सुदैवाने काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "हे एकदम झालं का? कधी शिट्टी वाजल्यासारखं, कान दडा बसल्यासारखं?"

अण्णा म्हणाले, "हो, २०१८च्या पावसाळ्यात एकदा सकाळी उठलो तर कान बंद होता आणि शिट्टी वाजत होती. तेल घातलं. हिला फोनवर सांगितलंही होतं."

ही म्हणजे मी. मला तो फोन आठवत नाही. पण मी काय म्हटलं असेल ते मला माहीत आहे. आमचं रिलीज असणार, मी म्हटलं असणार, "सर्दी असेल अण्णा, वाफ घ्या." डॉक्टर काही बोलले नाहीत. फक्त एवढं सांगितलं, की अचानक एका कानाचं ऐकणं गेलं तर ती तातडीची बाब असते. पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर अनेकांचं ऐकणं पूर्ण किंवा थोडं तरी परत येतं. सहा वर्षांनी नाही.

मी सुशिक्षित, इंजिनिअर, लोकांच्या प्रणालीतले दोष शोधून पगार घेणारी. आणि घरात माझं निदान काय होतं? "वय झालं" आणि "पुरुष ऐकत नाहीत." दोन्ही वेळी मी काहीच तपासलं नव्हतं. आणि उपाय म्हणून काय केलं? आवाज मोठा केला. जास्त वॉट, जास्त स्पीकर. अण्णांना जास्त आवाज नकोच होता.

अण्णांनी डाव्या कानात श्रवणयंत्र लावलं. पहिले पंधरा दिवस फार त्रास झाला. भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, सगळं अंगावर यायचं. दोनदा काढून डबीत ठेवलं. तीन-चार वेळा जाऊन ते जुळवून घ्यावं लागलं. ही यंत्रं मुळात बोलणं समजावं म्हणून बनवलेली असतात, गाणं त्यातून थोडं चिरकं येतं. गाण्यासाठी वेगळी जुळणी करून मिळते, ती आम्ही मागून घेतली. पूर्वीचं ऐकणं परत आलं असं मी म्हणणार नाही. आलेलं नाही. पण आता रोज संध्याकाळी तासभर गाणं लागतं. आवाज इतकाच, की शेजारच्या खोलीत नातवंडाचा अभ्यास चालतो. आणि आई आता झोपाळ्यावर उजव्या बाजूला बसते. अण्णांची तक्रार आहे, की सहा वर्षांचं साठलेलं सगळं एकदम ऐकायला मिळतंय. आई म्हणते, अजून २०२०पर्यंतच आलेय.

आता दोन कामाच्या गोष्टी, आणि बसते.

एक. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आपले आईवडील पंचाहत्तरीच्या आसपास. आज घरी गेल्यावर बघा, फोन नेहमी एकाच कानाला लावतात का? टीव्हीचा आवाज वाढत चाललाय का? "ऐकतच नाहीत" असं घरात कुणी म्हणतं का? असेल तर ऑडिओमेट्री करून घ्या. दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि कुणाचाही, तुमचा स्वतःचाही, एक कान अचानक बंद झाला तर तेल घालू नका, वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तसंच आपल्या मुलांचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला आठवड्याची मुदत वीस-पंचवीस मिनिटांत संपते. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे आपली मुलं किती वेळ नाचतात, ते मोजा. गेलेलं ऐकणं कोणताही अ‍ॅम्प्लिफायर परत आणत नाही.

दोन. आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला मोठी साउंड सिस्टीम द्यावी असा प्रस्ताव आहे. माझा विरोध नाही, मैदानाला ती लागतेच. पण त्याच्या छोट्याशा भागात संगीताच्या खोलीत असा एक डबा आणि दोन बरे स्पीकर बसतील. मागच्या रांगेतल्या मित्राने खोके फुकट करून द्यायचं कबूल केलं आहे. आता सगळ्यांसमोर बोलले आहे, त्याला माघार घेता येणार नाही. मुलांना गाणं जवळ बसून, हळू आवाजात, दोन्ही कानांनी ऐकू दे. आणि ज्या दिवशी तो बसवू, त्या दिवशी आधी सगळ्या गुरुजनांची श्रवण तपासणी ठेवू. सर, तुमचा नंबर पहिला. तुम्ही मघापासून उजवा कान पुढे करून ऐकताय, माझं लक्ष आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुम्ही शिकवलंत, सर. त्याबद्दल तीस वर्षं उशिरा आभार मानते आणि माझे दोन शब्द संपवते.